परत बोलावताय ना, मग अख्खं माणूस बोलवा

ड्रॅगन एज या गेम-मालिकेचा चौथा भाग, द व्हेलगार्ड, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये शेवटच्या दिवशी आला आणि तेव्हापासून फॅन्टसी आरपीजी, म्हणजे एखादं पात्र होऊन खेळायचे गेम, खेळणाऱ्यांमध्ये जो वाद पेटलाय तो काही विझायचं नाव घेत नाही. वाद जुन्या साथीदारांचा आहे. आधीच्या भागात आपल्या पार्टीत असलेले कम्पॅनियन पुढच्या भागात परत येतात तेव्हा ते तेच असायला हवेत की नाही? एका बाजूची मंडळी यादी घेऊन बसलीयेत, मी पहिल्या भागात अमुक ठरवलं होतं त्याचा उल्लेख कुठाय, तमुकला जिवंत सोडलं होतं तो कुठे गेला. दुसरी बाजू म्हणते अरे माणसं बदलतात, मध्ये इतकी वर्षं गेली, तुम्ही नॉस्टॅल्जियात अडकलायत, सोडा आता. आणि मग दोघं एकमेकांना शिव्या घालतात आणि मूळ मुद्दा बाजूलाच राहतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. साथीदार जसाच्या तसा राहावा असं माझं म्हणणं नाही, माझा प्रत्येक निर्णय गेमने लक्षात ठेवावा असंही नाही. पण जो काही बदल झालाय तो त्याच माणसातून उगवलेला दिसला पाहिजे, आणि तेवढं दाखवायची तयारी नसेल तर त्याला बोलावूच नका. नुसतं नाव आणि चेहरा आणायचा आणि आत भलताच माणूस भरायचा, हे चालणार नाही. (स्पॉयलर भरपूर आहेत, बाल्डर्स गेट ३ खेळायचा बाकी असेल तर इथूनच परत फिरा.)

आता समोरच्यांचे जे खरंच दमदार मुद्दे आहेत ते आधी मान्य करू. पहिला म्हणजे साधं गणित. फक्त दहा निर्णय, प्रत्येकाला दोनच पर्याय, तरी १०२४ वेगवेगळी जगं तयार होतात, आणि ड्रॅगन एज बनवणाऱ्या बायोवेअर कंपनीच्या गेममध्ये असे निर्णय दहा नसतात, २०१४ मध्ये त्यांनी मागचे निर्णय भरायला ड्रॅगन एज कीप नावाची वेगळी वेबसाइटच काढली होती आणि तिच्यात शेकडो गोष्टी टिक करायच्या होत्या. त्या प्रत्येकासाठी संवाद लिहायचे, नटांकडून रेकॉर्ड करून घ्यायचे, टेस्ट करायचे, आणि त्यातला बराचसा भाग बहुतेक खेळाडूंच्या कानावर कधी पडणारच नाही. वर नवीन खेळाडू असतो, त्याला दहा वर्षांपूर्वी कोण कोणाला सोडून गेलं याच्याशी काय देणंघेणं? हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाहीये, पैसे शेवटी मोजूनच असतात.

दुसरा मुद्दा मला जास्त टोचतो कारण तो आपल्या जुन्या खेळाडूंच्या आठवणींवरच घाव घालतो. पूर्वी सगळं कसं जपायचे म्हणतो ना आपण? कुठे जपायचे? बाल्डर्स गेट १९९८ चा, दुसरा भाग २००० चा. पहिल्या भागात तुम्ही खालिद आणि जाहिरा या नवराबायकोला पार्टीत घेतलंच नसेल, मिन्स्कला आणि डायनाहेअरला भेटलाही नसाल, दुष्टांची पार्टी घेऊन अख्खा गेम संपवला असेल, तरी दुसरा भाग सुरू होतो तेव्हा पिंजऱ्यांत तुमच्याबरोबर जाहिरा आणि मिन्स्कच असतात आणि खालिद-डायनाहेअर मेलेले असतात. पहिल्या भागात जाहिरा तुमच्याच चुकीने मेली असली तरी ती पिंजऱ्यात उभी! सेव्ह इम्पोर्ट करून, म्हणजे जुना साठवलेला गेम नव्या भागात आणून, तुमचा हिरो, त्याची लेव्हल आणि एखाददुसरी वस्तू यायची, बस. आणि त्याच गेमला आपण आज सोन्याचे दिवस म्हणतो. म्हणजे नुसत्या नोंदी जुळणं न जुळणं यावर आपलं प्रेम ठरत नव्हतं, हे तर आपणच सिद्ध करून ठेवलंय.

मग ठरत कशावर होतं? यासाठी थोडं मागे जाऊ, चारशे वर्षं. सर्वांतेसने डॉन किहोतेचा पहिला भाग १६०५ मध्ये काढला तेव्हा त्यात सांचो पांझाचं, म्हणजे जगातल्या बहुधा सगळ्यात लाडक्या साथीदाराचं, गाढव मध्येच गायब होतं आणि काही प्रकरणांनी काही न सांगता परत त्याच्या बुडाखाली येतं. वाचकांनी अर्थातच पकडलं. १६१५ च्या दुसऱ्या भागात सर्वांतेसने काय केलं, तर पात्रांनाच त्यावर बोलायला लावलं, सांचो चोरीची गोष्ट सांगतो आणि वर म्हणतो की लिहिणाऱ्याची चूक असेल नाहीतर छापणाऱ्याची. विषय संपला. सांचोच्या बायकोला तर पहिल्या भागात दोन-तीन वेगवेगळी नावं आहेत आणि दुसऱ्यात ती तेरेसा होऊन येते. कोणाचं काही बिघडलं नाही. पण १६१४ मध्ये अव्हेयानेदा या टोपणनावाने कोणीतरी परस्पर दुसरा भाग छापला आणि त्यात सांचोला नुसता खादाड आणि विनोद न जमणारा माणूस करून टाकला, तेव्हा मात्र सर्वांतेस भडकला. आपल्या दुसऱ्या भागात त्याने त्या खोट्या पुस्तकाची यथेच्छ टर उडवली, त्यातलं एक पात्र उचलून आणलं आणि खरे डॉन किहोते आणि सांचो हेच, असं त्याच्याकडून लिहून घेतलं. गंमत म्हणजे बायकोचं नाव चुकवलं म्हणून तो अव्हेयानेदालाही झापतो, स्वतःची दोन-तीन नावं विसरून! पण गाढवाची चूक आणि स्वभावाची चूक यांचं वजन वेगवेगळं असतं हे त्याला पक्कं माहीत होतं. शेरलॉक होम्सच्या वॉटसनचंही तेच, त्याची लढाईतली गोळी एका कादंबरीत खांद्यात आहे आणि पुढच्या कादंबरीत पायात. वाचक हसले आणि पुढे गेले. वॉटसन एखाद्या कथेत होम्सला पैशासाठी दगा देऊन मोकळा झाला असता तर हसले असते का?

ही फूटपट्टी घेऊन ड्रॅगन एजच्या अँडर्सकडे बघा. पहिल्या भागाच्या अवेकनिंग या २०१० च्या पुरवणीत हा जादूगार म्हणजे निव्वळ टवाळ प्राणी, टेम्प्लर म्हणजे जादूगारांना कैदेत ठेवणारे सैनिक, त्यांच्या तावडीतून पळणं हा त्याचा छंद, खिशात मांजराचं पिल्लू, आयुष्याकडून अपेक्षा काय तर चांगलं जेवण, एखादी मुलगी आणि मूर्ख लोकांवर वीज पाडायचा हक्क. एका वर्षाने ड्रॅगन एज २ मध्ये भेटतो तो खंगलेला, चिडलेला, झोपडपट्टीत दवाखाना चालवणारा माणूस, आणि शेवटी तो अख्खं चर्च माणसांसकट उडवून देतो. आवाजाचा नट वेगळा, लिहिणाराही वेगळा. वर अवेकनिंगमध्ये तुम्ही त्याला थेट टेम्प्लरांच्या हवाली केलं असलं तरी तो इथे हजर. नोंदींच्या परीक्षेत सपशेल नापास. पण तरी मी म्हणतो की हा जमलेला बदल आहे. कारण अवेकनिंगमध्येच जस्टिस नावाचा आत्मा तुमच्या पार्टीत असतो आणि चालता चालता तो अँडर्सला विचारतो की बाबा तुझ्यासारखे बाकीचे जादूगार अजून कैदेत आहेत, त्यांच्यासाठी तू काय करतोस? अँडर्स थट्टेवारी नेतो. बी तिथे पडलं होतं. पुढे तोच आत्मा त्याच्या अंगात शिरलाय आणि अँडर्सच्या रागाने आत्म्याचीही नासाडी केलीय. दोघंही आपल्या ओळखीचे होते, आणि थट्टा करून टाळलेला तोच प्रश्न त्याला खाऊन टाकतो. मांजराचं काय झालं हेसुद्धा तो सांगतो, वॉर्डननी, म्हणजे तो ज्या योद्ध्यांच्या संघात होता त्यांनी, सोडून द्यायला लावलं म्हणे, ते ठेवून तू मऊ पडतोस. अनेकांना हा अँडर्स आवडत नाही आणि त्यांचा राग मला समजतो, पण न आवडणं वेगळं आणि न पटणं वेगळं.

आता व्हिकोनिया. हिच्यावर जरा थांबतो, कारण बाल्डर्स गेट ३ हा माझ्या मते गेल्या कित्येक वर्षांतला सगळ्यात चांगला आरपीजी आहे आणि नेमक्या त्यानेच हा घोटाळा केलाय. बाल्डर्स गेटच्या पहिल्या दोन भागांतली ही साथीदार ड्राव एल्फ, जमिनीखालच्या शहरातली, तिथे लोल्थ देवीला माणसं बळी द्यायची पद्धत. एका तान्ह्या बाळाचा बळी द्यायची वेळ तिच्यावर आली आणि तिचा हात उठला नाही. त्या एका नकारामुळे घराणं गेलं, भावाचा राक्षस झाला, ती वर पळून आली आणि शार या अंधाराच्या देवीला धरून राहिली. ती चांगली बाई नाहीच, जिभेला धार आहे, दयामाया दाखवली की नाक मुरडते, दुष्टांच्या पार्टीत मजेत राहते. पण तिचा सगळा कडवटपणा त्या न मारलेल्या बाळाभोवती फिरतो, ते काढलं तर उरते फक्त टोमणे मारणारी एक पुजारीण. आणि बाल्डर्स गेट ३ मध्ये ही बाई काय करतेय? शारच्या मठाची प्रमुख आहे आणि या भागातली आपली साथीदार शॅडोहार्ट हिला लहान असताना पळवून आणून तिची स्मृती पुसून, आईबापांना वर्षानुवर्षं कोंडून ठेवून तिला शारची भक्त म्हणून घडवणारी तीच. म्हणजे बाळ मारवलं नाही म्हणून जिने सगळं गमावलं ती आता मुलं पळवते. असं होऊ शकतं का? नक्की होऊ शकतं. छळ सोसलेली माणसं पुढे छळ करणारी झाल्याची उदाहरणं हवी तेवढी मिळतील, आणि ती गोष्ट लिहिली असती तर भयंकर झाली असती, शॅडोहार्ट तिच्यासमोर उभी आहे आणि व्हिकोनियाला ते बाळ आठवतंय! पण गेम तिकडे फिरकतच नाही. त्या भूमिकेला शारची कोणतीही पुजारीण चालली असती, नाव ओळखीचं म्हणून हिला उभं केलंय.

यावर ठरलेलं उत्तर येतं, मध्ये शंभरावर वर्षं गेलीत, ड्रावला शतकं जगता येतं, एवढ्यात कोणीही बदलेल. बरोबर, पण वर्षं म्हणजे कारण नव्हे. आपल्याकडे संध्याकाळच्या मालिकांमध्ये एक दिवस पाटी येते की आजपासून ही भूमिका अमुक अमुक करतील, आणि आजी लोक दोन दिवस कुरकुर करून नवीन चेहऱ्याला जुन्याच नावाने हाक मारायला लागतात. वीस वर्षांचा लीप घेतला तरी पचतं. पण सहाशे भाग सोशिक असलेली सून लीपनंतर एकदम कारस्थानी निघाली आणि मधलं काहीच सांगितलं नाही तर त्याच आज्या टीव्ही बंद करतात, आणि त्यांना कॅनन (गोष्टीचा अधिकृत इतिहास) वगैरे शब्द माहीत असायची गरज पडत नाही.

दुसरं उत्तर असं की ही पात्रं आता कंपनीच्या मालकीची, बाल्डर्स गेटचं जग ज्या टेबलटॉप खेळातून, डंजन्स अँड ड्रॅगन्समधून, आलं त्याचा अधिकृत इतिहास ते ठरवणार, त्यात तर हिरोचं नावही आब्देल एड्रियन असं ठरलेलं आहे, मग तुमच्या प्लेथ्रूला, म्हणजे तुम्ही खेळलेल्या गोष्टीला, कोण विचारतो. कायद्याने खरंय. पण नुसत्या मालकीच्या जोरावर लिखाण पटवता येत नाही ना. अव्हेयानेदाकडे हक्क असते तरी त्याचा सांचो खोटाच राहिला असता.

आणि हे करणं अवघड किंवा महाग आहे म्हणून राहिलं, असं म्हणायलाही सोय नाही, कारण त्याच गेममध्ये जाहिरा आहे. पिकलेली, थकलेली, हार्पर या गुप्त संघटनेचं काम करून करून वैतागलेली, आणि स्वतःवरच तिरकस बोलणारी. पूर्वीची जाहिरा अधिकारवाणीने सगळ्यांना सुनवायची, आताची पण सुनावतेच, फक्त आपल्या सुनावण्याने फार काही होत नाही हे तिला कळून चुकलंय. शहरात तिचं घर आहे, घरात तिने वाढवलेली मुलं आहेत, आणि खालच्या गुप्त खोलीत शोधलंत तर एक ताईत सापडतो, नाव खालिदची भेट. दुसऱ्या भागात तुमच्या हिरोचं आणि तिचं प्रेम जमलं होतं की नव्हतं यावर गेम काही ठाम बोलत नाही, त्यामुळे कोणाचाही प्लेथ्रू खोटा पडत नाही. पण नवरा होता, गेला, आणि ती त्याला विसरलेली नाही, हे एका छोट्या वस्तूत आलं. याला कितीसा खर्च आला असेल? ड्रॅगन एज २ मधला अलिस्टरही तसाच. पहिल्या भागात तुम्ही त्याला राजा केलं असेल तर तो राजा म्हणून येतो, वॉर्डन ठेवलं असेल तर वॉर्डन म्हणून, आणि हाकलून दिलं असेल तर हँग्ड मॅन दारूच्या गुत्त्यात पिऊन आपल्या नशिबाबद्दल बरळत बसलेला असतो. तिन्ही मिळून संवाद मोजकेच. पण त्या गुत्त्यातल्या बरळण्याने पोटात गोळा येतो कारण ते तुम्ही केलंय.

इथे यादीवाल्यांचंही एक म्हणणं पूर्ण मान्य करतो. काही नोंदी नुसत्या नोंदी नसतात. पहिल्या ड्रॅगन एजमध्ये तिथल्या धर्माची पवित्र राख तुम्ही बाटवली आणि लेलियाना ही श्रद्धाळू साथीदार सोबत असली, तर आतून कठोर झालेली नसेल तर ती तुमच्यावर उलटते आणि तुम्हाला तिला मारावं लागतं. श्रद्धेपायी मित्राच्या हातून मरणं यापेक्षा त्या बाईबद्दल जास्त बोलणारं काही असू शकतं का? आणि ती पुढच्या दोन्ही भागांत जिवंत येते, तिसऱ्या भागात, इन्क्विझिशनमध्ये, तर मोठी अधिकारी म्हणून, आणि मेली होतीस ना म्हटलं तर काहीतरी गूढ उत्तर देऊन सुटते. लेखकांना ती हवी होती, ठीक आहे, पण मग तिला मारायचा पर्याय द्यायचा नव्हता. तीच कंपनी मास इफेक्टमध्ये, फॅन्टसी नसला तरी घरचाच नमुना, रेक्स हा साथीदार मेला असेल तर त्याच्या जागी रीव्ह आणते, तोच हुद्दा, त्याच मोहिमा, पण माणूस आडदांड आणि सूडाने पेटलेला, आणि त्याच्या हातात आपल्या जमातीचं भविष्य द्यायचं म्हटलं की तुमचाच हात थरथरतो. रेक्सचं नसणं तिथे रेक्सइतकंच बोलतं.

आता व्हेलगार्ड, जिथून हे सगळं सुरू झालं. मागच्या तीन भागांतल्या सगळ्या निर्णयांपैकी यात फक्त तीन येतात, तेही तिसऱ्या भागातले: त्या भागाचा हिरो असलेल्या इन्क्विझिटरचं प्रेम कोणावर होतं, त्याने आपली इन्क्विझिशन ही संघटना बरखास्त केली की नाही, आणि शत्रू निघालेला जुना साथीदार सोलस याला रोखायचं म्हणाला की वाचवायचं. मला या आकड्याचा राग नाही, सोलसची गोष्ट सांगायची तर एवढं पुरतं. राग येतो तो मॉरिगनचा. पहिल्या भागात दलदलीत वाढलेली ही मुलगी एक गोष्ट सांगते, लहानपणी तिने एका श्रीमंत बाईच्या गाडीतून सोन्याचा आरसा चोरला आणि आईने, फ्लेमेथने, तो तिच्या डोळ्यांदेखत फोडला, सुंदर गोष्टींचा मोह कमजोर करतो हे शिकवायला. मॉरिगनचा अख्खा स्वभाव त्या फुटलेल्या आरशात आहे, कोणाला मदत केली की तिला राग येतो, प्रेम म्हणजे तिला सापळा वाटतो. इन्क्विझिशनमध्ये ती परत येते, सम्राज्ञीच्या दरबारात, भारी कपड्यांत, आणि तुमच्या जगात पहिल्या भागाच्या शेवटी मॉरिगन सुचवते तो मूल होण्याचा विधी झालेला असेल तर सोबत तिचा मुलगा कीरन. आणि तो मुलगा फ्लेमेथच्या हाती लागतो तेव्हा हीच मॉरिगन आईसमोर विनवण्या करते, त्याला सोड, हवं तर मला घे. दोन गेममधल्या पाच वर्षांत किती लांबचा पल्ला! आणि तरी एकही पायरी गाळलेली नाही, जिला आईने तोडून मोठं केलं तिने ठरवलंय की आपण तशी आई व्हायचं नाही.

व्हेलगार्डमध्ये ती त्याच फ्लेमेथकडून आलेला मिथल या प्राचीन देवीच्या आठवणींचा वारसा अंगात घेऊन येते, शहाणपणाचे सल्ले देते आणि मुलाचं नावही काढत नाही. कारण उघड आहे, काहींच्या जगात मुलगा आहे, काहींच्या नाही, म्हणून बोलायचंच नाही. जाहिराच्या बाबतीत मी गप्प राहण्याचं कौतुक केलं आणि इथे का नाही? कारण जुन्या प्रेमाबद्दल जाहिरा गप्प राहू शकते, तिच्या वयाची बाई तशीही राहीलच. मॉरिगन ज्या आईपासून मुलाला वाचवायला जीव द्यायला निघाली होती, त्याच आईचा वारसा स्वतःत घेताना मुलाबद्दल गप्प राहू शकत नाही, ते गप्प राहणं तिचं वाटत नाही, प्रोजेक्ट मॅनेजरचं वाटतं. एक प्रश्न आणि दोन उत्तरं, एवढं रेकॉर्ड करणं जमत नसेल तर ते मिथलचं ज्ञान दुसऱ्या कोणाच्याही तोंडी घालता आलं असतं. १९९९ मध्ये अल्टिमा या जुन्या आरपीजी मालिकेच्या नवव्या भागात हिरो विचारतो की पॅलाडिन (धर्मयोद्धा) म्हणजे काय, चौथ्या भागापासून ज्याचा दोस्त ड्युप्रे हा पॅलाडिनच आहे तो हिरो! तेव्हाही असंच ओशाळल्यासारखं झालं होतं लोकांना, आणि तो प्रश्नही नवीन खेळाडूला कळावं म्हणूनच घातलेला असणार.

यावर म्हणाल की तुमचं ऐकलं तर सिक्वेलमध्ये जुने चेहरे कमीच दिसतील. दिसू देत. व्हेलगार्डमध्येच हार्डिंग आहे, इन्क्विझिशनमध्ये ती छावणीत उभी राहून पुढच्या प्रदेशाची माहिती द्यायची, लोकांना आवडली, तिच्याभोवती खेळाडूचे मोठे निर्णय अडकलेले नव्हते, म्हणून तिला या वेळी पूर्ण साथीदार करता आलं आणि ती तीच मुलगी वाटते, हसरी, सगळ्यांची काळजी घेणारी, आणि आत दाबून ठेवलेला राग आता बाहेर काढणारी. कोणाला बोलवायचं हे नीट निवडलं की निम्मं काम होतं. फक्त शेवटच्या लढाईत हार्डिंग आणि डॅव्हरिन यांतल्या एकाला मरायला पाठवावंच लागतं, म्हणजे आता अर्ध्या लोकांच्या जगात ती मेलीय आणि अर्ध्यांच्या जगात जिवंत आहे. पुढचा भाग कधी आलाच तर कोणीतरी मीटिंगमध्ये नक्की म्हणणार की हार्डिंग लोकांना आवडते, तिला आणू या.